फिल्मवरची रेघ

माझ्या खोलीला खिडकी आहे, पण तिच्यावर काळा कागद डकवलेला आहे. खाली शीळफाट्याचा रस्ता. कल्याणहून आलेले, मुंब्र्याचा घाट उतरून आलेले, महापेकडे वळणारे, पनवेलकडे निघालेले ट्रक रात्रभर हॉर्न देत असतात. एखादा भरलेला कंटेनर गेला की टेबलावरच्या चहावर तरंग उठतात. मी अंधारात बसलेला असतो. समोर दिव्याची पेटी, तिला आम्ही व्ह्यूअर म्हणतो. तिच्यावर एकामागून एक फिल्म ठेवायची आणि वाचायची, हे माझं काम. सत्तावीस वर्षं मी हेच करतो आहे.

डॉक्टर हाडांची फिल्म वाचतात, मी लोखंडाची वाचतो. तळोजा, महापे, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात फॅब्रिकेशनच्या शेड आहेत. तिथे टाक्या, प्रेशर व्हेसल आणि पाइप तयार होतात. वेल्डिंगचा जोड वरून कितीही सुबक दिसला, तरी पोटात काय आहे ते वरून कळत नाही. म्हणून जॉबच्या एका अंगाला किरण सोडणारा इरिडियम-१९२ चा सोर्स आणायचा, दुसऱ्या अंगाला फिल्म बांधायची. जिथे धातू कमी तिथून किरण जास्त जातात आणि फिल्म काळी होते. वायू अडकला असेल तर काळे गोल ठिपके दिसतात, ती पोरोसिटी. स्लॅग राहिला असेल तर वेडावाकडा डाग दिसतो. पहिल्या पासला धातू मुळापर्यंत पोचला नसेल तर मधोमध सरळ काळी रेघ येते, तिला आम्ही एलपी म्हणतो. आणि केसाएवढी, नागमोडी, टोकाशी विरत जाणारी रेघ दिसली तर तो तडा. पोरोसिटी किती चालते, स्लॅग किती लांबीचा चालतो, याचे तक्ते आहेत. तड्याला तक्ता नाही. तो केवढाही असो, जोड नापास.

या खोलीत बसायला लागण्याआधी मी शॉट घेणारा होतो. ते काम रात्रीचं, कारण रात्री शेड रिकामी असते. दोरी बांधायची, लाल दिवे लावायचे, मीटर हातात घेऊन फिरायचं, छातीवरचा बॅज तपासायचा आणि लांब उभं राहून हँडल फिरवत सोर्स कॅमेऱ्याबाहेर, म्हणजे त्याच्या जड पेटीबाहेर, काढायचा. आमचा सोर्स वाशीहून, ब्रिट या सरकारी संस्थेकडून यायचा. इरिडियम दर ७४ दिवसांनी निम्मं होतं. आज ज्या जाडीला दोन मिनिटं लागतात तिला अडीच महिन्यांनी चार लागतात. ती जास्तीची मिनिटं अंधारात उभं राहून मोजावी लागतात, आणि माणूस तेव्हा बराच विचार करतो. मी तेव्हा विचार करायचो की या नळीच्या आत कुणी राहत नाही, मग आपण कुणाचा एक्स-रे काढतो आहोत?

उत्तर फिल्म वाचायला लागल्यावर हळूहळू मिळत गेलं. प्रत्येक फिल्मवर शिशाच्या अक्षरांची सावली उमटते. जॉबचा नंबर, जोडाचा नंबर, तारीख आणि वेल्डरचा नंबर. नाव नसतं. पण वर्ष-दोन वर्षांत नंबरांना हात फुटले. एका नंबरचा रॉड संपला की तो पुन्हा सुरू करताना थोडा मागे येऊन सुरू करायचा, त्याचे सांधे फिल्मवर शोधावे लागत. दुसरा घाईचा होता, त्याच्या प्रत्येक सुरुवातीला दोन-तीन बारीक ठिपके असायचेच. आडव्या पाइपच्या जोडाला आम्ही घड्याळासारखं वाचतो. बारा म्हणजे वरचं टोक, सहा म्हणजे तळ. सहाजवळचा भाग वेल्डर पाइपखाली उताणा पडून भरतो. ठिणग्या अंगावर झेलत, मान आखडेपर्यंत. बहुतेक फिल्मांत खोट तिथेच निघते. धातू सगळीकडे सारखाच, रॉड सारखाच, करंट सारखाच. बदललेलं असतं ते माणसाचं अंग. तेव्हा कळलं की मी माणसाच्या पाठीची फिल्म वाचतो आहे.

हे कळूनही मी एक चूक केली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

२०१९ चा पावसाळा होता. एका कामाची डिलिव्हरी अडली होती आणि रात्रीत साठ-सत्तर फिल्म वाचायच्या होत्या. पहाटे एका फिल्मवर मला केसासारखी रेघ दिसली. जोडाच्या कडेला, नागमोडी, टोकाशी विरलेली. अशी रेघ दिसली की फिल्म हातात घेऊन तिरकी धरायची असते. दिव्याचा उजेड आरपार न येता पृष्ठभागावर पडला पाहिजे. ओरखडा असेल तर तो पृष्ठभागावर चमकतो, तडा असेल तर वर काहीच दिसत नाही. शिकाऊ मुलांना मी पहिल्या आठवड्यात हे शिकवतो. त्या पहाटे मी फिल्म तिरकी धरली नाही. 'क्रॅक, रिजेक्ट' लिहिलं आणि पुढची घेतली.

माझ्या बाजूने एकच सांगतो. आमच्या धंद्यात शंका आली तर नापास करायची सवय लागते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला झालेला स्फोट आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. फुटलेल्या काचा उचलत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. दाबाखालची एखादी गोष्ट फुटली की काय होतं हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे नापास करताना हात थरथरत नाही, पास करताना थरथरतो. पण नापास केलेल्या जोडालाही एक माणूस असतो.

तो वेल्डर पन्नाशीचा होता, ओडिशाकडचा. त्याच्या नंबराच्या फिल्म मी चार वर्षं वाचत होतो आणि त्यात एकदाही तडा निघाला नव्हता. हे तरी मला खटकायला हवं होतं. सकाळी त्याला कामावरून बाजूला केलं गेलं. त्या दिवसाची मजुरी कापली. ग्राइंडर लावून जोड उघडला, खोल, आणखी खोल. आत स्वच्छ धातू. ग्राइंडिंग करणारा पोरगा माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "साहेब, काहीच नाही निघालं." मी फिल्म काढून तिरकी धरली. ओरखडा लख्ख चमकला. धुवून वाळत घालताना कुणाच्या तरी नखाचा लागला असावा.

मी ठेकेदाराला लेखी कळवलं, मजुरी परत मिळाली. वेल्डरची माफी मागायला शेडमध्ये गेलो. त्याने मास्क वर केला आणि एवढंच विचारलं, "साहब, आपने देखा था?" पाहिलं होतं का. मला 'हो' म्हणता येईना. मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं.

त्यानंतर काही महिने माझं फिल्मवरून मन उडालं. प्रत्येक फिल्म दोनदा बघायचो, तिसऱ्यांदा बघायचो, आणि तरी सही करताना थांबायचो. ठाण्यातल्या ओळखीच्या एका रेडिओलॉजिस्टना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आमच्यातल्याच एकाचं प्रदर्शन लागलंय मुंबईत. जाऊन या." मी चित्रांच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. पण 'आमच्यातलाच एक' या शब्दांनी गेलो.

ते सुधीर पटवर्धन. १९४९ चा पुण्याचा जन्म, तिथल्याच सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरकी, १९७३ ला मुंबईत. १९७५ पासून २००५ पर्यंत तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. दिवसा फिल्म वाचायच्या आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची. २०१९ च्या अखेरीला काळा घोड्याच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे जुन्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' हे प्रदर्शन भरलं होतं. नॅन्सी अदजानिया यांनी ते रचलं होतं.

तिथे मी प्रथम काय केलं असेल तर जी सवय होती तेच. फिल्म वाचणारा माणूस आधी खोट शोधतो. हे चित्र काय सांगतंय, याचा अर्थ काय, चित्रकाराला काय म्हणायचंय, हे पटकन शोधून सही करून पुढे जायचं. पहिल्या दोन भिंती मी तशाच संपवल्या. मग जिन्यात थांबलो आणि मला तो वेल्डर आठवला. आपने देखा था? मी खाली उतरलो आणि पहिल्या भिंतीपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी ठरवलं की अर्थ नंतर. आधी फिल्मवर काय आहे तेवढंच मनात लिहायचं. डावा पाय पुढे. वजन उजव्या पायावर. खांदा उतरलेला. बोटं मिटलेली.

त्यांची सुरुवातीच्या काळातली कष्टकरी माणसं जाडजूड आहेत. कॅनव्हास भरून उरणारी. त्यांच्याकडे बघताना कीव येत नाही, कारण ती कीव मागत नाहीत. लोकलमधली, पुलांवरची, इराण्याच्या हॉटेलातली माणसं. यंत्र फार ठिकाणी दिसत नाही. आणि तरी त्या उभं राहण्यात यंत्र आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही, कारण तसं उभं राहणारा एक माणूस माझ्या घरात होता.

माझे बाबा लोअर परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. साचेखात्याचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगता येणार नाही. शेकडो माग एकदम चालतात, धोटा इकडून तिकडे आपटत असतो, आणि माणूस शेजाऱ्याच्या कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. साचेवाले ओठ वाचून बोलायचे. बाबांना घरीही हळू बोलणं जमलं नाही. आम्हा भावंडांना वाटायचं ते सतत रागावलेले असतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बाबा पुन्हा कधी त्या खात्यात गेले नाहीत. आम्ही डिलाइल रोड सोडून डोंबिवलीला आलो. बाबांनी पुढे वॉचमनची नोकरी केली. पण गाडीत, रेशनच्या रांगेत, आजीच्या अंत्ययात्रेतही ते पाय फाकवून, मान किंचित डावीकडे कलवून उभे राहायचे, जसा माणूस दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभा राहतो. म्हातारपणी टीव्हीसमोर बसले की उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहायचे. आईला वाटायचं थंडी वाजते. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "धागा तुटला की गाठ मारायची असते ना, ती." माग कधीच भंगारात गेले होते. गाठ बोटांत राहिली होती.

बाबा २०११ ला गेले. त्या प्रदर्शनात मी त्यांना आठ वर्षांनी पाहिलं. चेहरा त्यांचा नव्हता. उभं राहणं त्यांचं होतं.

घरी परतताना लोकलमध्ये दिवा स्टेशनपर्यंत उभा होतो आणि गाडीतल्या प्रत्येक माणसाचे पाय बघत होतो. लोखंडाच्या फिल्ममध्ये मला माणूस दिसत होता हे मी वर सांगितलंच. या चित्रकाराने उलट बाजूने तेच पाहिलं होतं. त्याला माणसाच्या अंगात लोखंड दिसलं. ठाणं तेव्हा कारखान्यांचं शहर होतं. वागळे इस्टेट १९६२ पासूनची. तीस वर्षं त्या शहरात छातीच्या आणि मणक्याच्या फिल्म वाचणाऱ्या माणसाने किती यंत्रं पाहिली असतील, हा माझा अंदाज आहे, पण माझ्या धंद्यातला असल्यामुळे मला तो पटतो. 'श्वास रोखून धरा' असं सांगितल्यावर माणूस कसा उभा राहतो हे ज्याने रोज पाहिलं, त्यालाच कुणाकडे न बघता उभा असलेला माणूस असा काढता येतो.

एक गोष्ट इथे लिहून ठेवावीशी वाटते. विल्हेल्म राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले आणि पुढच्या महिन्यात बायकोच्या हाताचं चित्र काढलं, बोटातल्या अंगठीसकट. ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच माणसाने स्वतःच्या बंदुकीचंही चित्र काढलं आणि नळीच्या धातूत काय आहे ते पाहिलं. म्हणजे हाड आणि लोखंड पहिल्यापासून एकाच किरणाखाली आहेत.

पटवर्धनांनी आणखी एक काम केलं ज्याबद्दल मला विशेष आदर आहे. २००८-०९ च्या सुमाराला 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचं समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन त्यांनी रचलं आणि ते महाराष्ट्रातल्या शहरांमधून फिरलं. मुंबईच्या दालनात येऊ न शकणाऱ्यांपर्यंत चित्रं न्यायची. हे वाचल्यावर माझ्या मनात आलं की शीळफाट्यावर का नको?

आमच्याकडे वर्षातून एकदा किरणांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण असतं. वेल्डर, फिटर, हेल्पर, सगळ्यांना बोलावतात. दोरीच्या आत यायचं नाही, लाल दिवा दिसला तर थांबायचं, अंतर दुप्पट केलं की किरण चौथाई होतात, हे मी प्रोजेक्टरवर समजावतो. २०२३ च्या प्रशिक्षणानंतर मी सगळ्यांना म्हटलं, चहा येईपर्यंत आणखी एक फिल्म वाचू या. आणि डिएगो रिव्हेराची भिंत पडद्यावर लावली.

पटवर्धनांऐवजी रिव्हेरा का, तर या मंडळींसमोर मला यंत्रं भरपूर असलेलं काहीतरी हवं होतं. मेक्सिकोचा हा चित्रकार १९३२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला गेला. तो पोचण्याआधी दीडेक महिना, ७ मार्चला, बेकार कामगारांचा भुकेमोर्चा फोर्डच्या रूझ कारखान्यावर गेला होता आणि गोळीबारात माणसं मेली होती. त्याच फोर्डच्या मुलाने, एडसेलने, या चित्रांचा खर्च दिला. रिव्हेराने महिनोन्महिने कारखान्यात जाऊन रेखाटनं केली आणि मग तिथल्या कलासंग्रहालयाच्या चौकाच्या चारी भिंतींवर ओल्या गिलाव्यात सत्तावीस चित्रं रंगवली. मार्च १९३३ मध्ये ती पुरी झाली. उत्तरेच्या भिंतीवर फोर्ड व्ही-एट मोटारीचं इंजिन तयार होतंय, दक्षिणेच्या भिंतीवर तिची बॉडी. वर आडव्या पहुडलेल्या चार अवाढव्य बायका आहेत, त्यांच्या हातांत लोहखनिज, कोळसा, चुनखडी आणि वाळू.

यातलं मी काहीही आधी सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "अर्थ सांगू नका. दिसतंय काय ते सांगा."

सुरुवातीला कुणी बोलेना. मग दैघरचा एक फिटर म्हणाला, "एकाचाही हात रिकामा नाय." सगळे पुढे सरकले. आणखी कुणी म्हणालं, हे ओढतायत ते जड आहे, टाच बघा कशी रोवली आहे. एका वेल्डरला कमरेतून वाकलेल्या माणसाचं पटलं नाही. अशी कमर वाकवून दिवसभर काम झालं तर महिन्यात घरी बसेल, म्हणाला, खरा माणूस गुडघ्यात वाकतो. दक्षिणेच्या भिंतीवर टोपी घातलेला, चष्मेवाला एक माणूस ताठ उभा आहे. त्याच्याकडे बोट करून तीन-चार जण एकदम म्हणाले, "सुपरवायझर!" मला हे ओळखायला पुस्तक वाचावं लागलं होतं. त्याच भिंतीवर कारखाना बघायला आलेले सुटाबुटातले पाहुणे आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा आहे. हेल्परांपैकी एक जण म्हणाला, आमच्याकडे ऑडिटला येतात तसे.

मग पडद्यावर एका प्रचंड प्रेसचं यंत्र आलं. पत्रा दाबून मोटारीचं अंग घडवणारं. मागच्या रांगेतला प्रेस-ऑपरेटर बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, "साहेब, हे यंत्र उभं नाही, बसलंय. गाभाऱ्यात बसल्यासारखं." मला शहारा आला. कारण जाणकारांनी या प्रेसची तुलना कोआत्लिक्वे नावाच्या जुन्या अ‍ॅझ्टेक देवीच्या मूर्तीशी केली आहे. रिव्हेरा मेक्सिकोचा, त्याला ती मूर्ती ठाऊक होती. आमच्या ऑपरेटरला ती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण तो दरवर्षी खंडेनवमीला आपल्या प्रेसला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो आणि त्या दिवशी तिच्या जबड्यात हात घालत नाही. सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेला उत्तरेकडची पोरं तेच करतात. तो म्हणाला, "पूजा करतो कारण ती घेते." त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. पुढे मिनिटभर कुणी काही बोललं नाही.

ते मिनिट संपवलं ओडिशाकडच्या माझ्या त्या वेल्डरने. तो पुढच्या रांगेत बसला होता. "साहब, गाडी कहाँ है?"

गाडी कुठे आहे? मी भिंत मोठी करत गेलो. असेंब्ली लाइन लांब दूरवर जाते आणि तिच्या टोकाशी, जिथे सगळ्या रेषा मिळतात, तिथे नखाएवढी तांबडी मोटार आहे. तयार झालेली मोटार सगळ्या भिंतीवर तेवढीच. एवढी माणसं, एवढ्या भट्ट्या, एवढे ड्रिल, आणि ज्याच्यासाठी हे सगळं ती वस्तू शोधावी लागते. वेल्डरने मान डोलावली. "हमारा भी ऐसा ही है. टंकी कहाँ जाती है, मालूम नहीं." तीस वर्षं टाक्या जोडणाऱ्या त्या माणसाने त्यातली एकही चालू झालेली पाहिली नव्हती. माझंही तसंच आहे. मी पास केलेला पाइप कुठल्या रिफायनरीत, कुठल्या समुद्राकाठी उभा आहे, मला माहीत नाही.

आधुनिक चित्र सामान्य माणसाला कळत नाही, असं मी पुष्कळदा ऐकलं आहे. त्या संध्याकाळी चहा थंड झाला आणि कुणी उठलं नाही. त्यांना ते चित्र माझ्यापेक्षा चांगलं वाचता आलं, कारण त्यांनी ते अंगाने वाचलं. टाच, कमर, बोटं, जबडा. एवढंच की त्यांना याआधी कुणी विचारलं नव्हतं.

रिव्हेरा आणि पटवर्धन या दोघांपैकी कोण मोठा हे ठरवायचा माझा अधिकार नाही, पण माझा कौल पटवर्धनांना आहे. रिव्हेराच्या माणसांची अंगं एका तालात वाकतात, नाचासारखी. ती बघताना छाती भरून येते. पण शिफ्ट संपल्यावर ती माणसं कशी दिसत असतील हे मुख्य भिंतींवर मला सापडत नाही. त्याने खालच्या बाजूला करड्या रंगात छोट्या चौकटी केल्या आहेत, कामगाराचा दिवस दाखवणाऱ्या, आणि मला त्या मोठ्या चित्रांपेक्षा जास्त खऱ्या वाटतात. पटवर्धनांची माणसं त्या करड्या चौकटींतून पुढे चालत आलेली आहेत. काम संपलेलं, गाडी यायची आहे, आणि अंग अजून यंत्राच्या मापात आहे.

आता आमच्या भागात माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी यंत्रं येत आहेत. वांद्रे-कुर्ला संकुल ते शीळफाटा असा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा खोदला जातोय, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. त्यासाठीच्या खोदयंत्राचं तोंड १३.६ मीटर व्यासाचं, म्हणजे चार मजली घराएवढं. शीळफाट्याकडचा सुमारे ५ किलोमीटरचा भाग मात्र सुरुंग लावून, खडक थोडा थोडा फोडून केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये घणसोलीकडचं आणि शीळकडचं तोंड आत एकमेकांना भेटलं. त्या दिवशीचे फोटो वर्तमानपत्रांत होते. मी ते कापून खोलीत लावले आहेत. मागे खडक आणि पुढे हेल्मेट घातलेली माणसं, काहींचे हात वर. मी त्यांचे पाय बघतो. आजवर या बोगद्याचं चित्र मी पाहिलेलं नाही. कुणी काढणार असेल तर त्याने इथे येऊन, सहाला सुटणाऱ्या पाळीच्या वेळी फाट्यावर उभं राहावं, एवढी माझी विनंती आहे. यंत्र आत राहतं, पण त्याचं माप घेतलेली माणसं तेव्हा बाहेर येतात आणि रिक्षाची वाट बघत उभी असतात.

माझ्या खोलीत दोन बदल झाले. आता प्रत्येक शॉटला कॅसेटमध्ये दोन फिल्म घालतो. रेघ एकीवरच असेल तर ती धातूतली नाही. खर्च वाढतो म्हणून कुरकुर झाली, ती मी मनावर घेतली नाही. आणि रिजेक्टची सही करण्याआधी त्या नंबराच्या वेल्डरला आत बोलावतो. बाहेरच्या उजेडातून आलेल्या माणसाचे डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ आम्ही दोघं गप्प बसतो. मग फिल्म त्याच्या हातात देतो.

परवा रात्री एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा आला होता, नवा, आयटीआय झालेला. आठ इंची पाइपचा जोड, सहाच्या जागेला ओळीने काळे ठिपके. त्याने फिल्म तिरकी धरली, सरळ धरली, पुन्हा तिरकी धरली. ओरखडा नव्हता. "रॉड दमट होते," तो म्हणाला, "आणि मान धरली होती, सर." मी रिपोर्टवर लिहिलं, पोरोसिटी, रिपेअर. खाली सहीच्या जागी पहिली सही त्याची आहे, दुसरी माझी.